फिल्मवरचा बदल सांध्यातला की डोळ्यातला? संधिवाताच्या संशोधनात एक्स-रे, सोनोग्राफी, एमआरआय मोजमाप म्हणून वापरणाऱ्या नवख्यांसाठी

दिवाळीची सुट्टी संपली की एमडीच्या पहिल्या वर्षातली मुलं-मुली सिनॉप्सिसचे, म्हणजे थिसिसच्या आराखड्याचे, कागद घेऊन माझ्याकडे यायला लागतात. कोल्हापुरात क्ष-किरण विभागात मी बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे ज्या थिसिसमध्ये फिल्म आहे ती एकदा माझ्या टेबलावरून जाते. विषय बहुतेक ओळखीचा असतो. आरए, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवात असलेल्या रुग्णांना अमुक औषध दिलं आणि सोनोग्राफीवर फरक बघितला. मी विचारते, "सोनोग्राफीवर काय मोजणार?" उत्तर येतं, "मॅडम, सूज." मग मी विचारते, "आज मोजलेली सूज उद्या परत मोजलीत तर तोच आकडा येईल? तुमच्याऐवजी मी मोजली तर?" इथे बहुतेक जण गप्प होतात.

त्या प्रश्नाचं उत्तर कसं काढायचं, ते पायरी-पायरीने इथे लिहिते आहे. सहा महिन्यांनी आकडा बदलला, तर तो बदल रुग्णाच्या सांध्यात झाला की बघणाऱ्याच्या डोळ्यात, हे आधी सांगता आलं पाहिजे. ते सांगता येत नसेल तर औषधाबद्दल काही बोलायचा हक्कच आपल्याला उरत नाही, मग सॉफ्टवेअरने पी-व्हॅल्यू (असा फरक निव्वळ योगायोगाने किती सहज दिसला असता, तो आकडा) कितीही देखणी काढून देऊ दे.

पहिली पायरी: काय मोजायचं ते एका वाक्यात लिहा

संधिवातात दोन गोष्टी वेगळ्या चालतात. एक म्हणजे आज चालू असलेली जळजळ: सांध्याच्या आतलं अस्तर सुजलेलं, त्यात रक्तप्रवाह वाढलेला. दुसरी म्हणजे त्या जळजळीने मागे ठेवलेलं नुकसान: हाडाला पडलेले खड्डे, कूर्चा झिजल्यामुळे अरुंद झालेली फट. पहिली गोष्ट औषधाने उतरते. दुसरी सहसा भरून येत नाही, फार तर वाढायची थांबते.

साधा एक्स-रे दुसरी गोष्ट दाखवतो. आजची जळजळ त्यात दिसत नाही. तरीही "तीन महिन्यांत एक्स-रेवर सुधारणा" असं लिहिलेले सिनॉप्सिस दरवर्षी हातात पडतात. तीन महिन्यांत एक्स-रेवर सुधारणा दिसली, तर मी आधी फिल्म काढताना हात वेगळा ठेवला होता का ते बघेन.

सोनोग्राफी अस्तराची सूज दाखवते आणि पॉवर डॉप्लर त्यातला रक्तप्रवाह. काही खड्डेही दिसतात, पण फक्त जिथे प्रोब पोचतो तिथले. एमआरआय दोन्ही दाखवतो आणि शिवाय हाडाच्या आतली सूज, जी एक्स-रे किंवा सोनोग्राफीत दिसत नाही. तेव्हा वाक्य असं लिहा: "मला अमुक सांध्यांतल्या अस्तराची जळजळ, अमुक काळात, अमुक पद्धतीने मोजायची आहे." हे वाक्य जमलं नाही तर पुढे जाऊ नका. साधन आवडलं म्हणून प्रश्न शोधायचा, ही चूक इथेच सुरू होते.

दुसरी पायरी: जगाने बनवलेली चाळणी हातात घ्या

हा विचार आपल्याला नव्याने करायचा नाही. संधिवाताच्या प्रत्येक अभ्यासात वेगळंच काहीतरी मोजलं जायचं आणि दोन अभ्यासांची तुलनाच व्हायची नाही, म्हणून १९९२ साली नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट शहरात काही संशोधक एकत्र बसले. त्यातून ओमरॅक्ट हा गट उभा राहिला. १९९८ मध्ये त्यांनी कोणत्याही मोजमापाला लावायची चाळणी तीन शब्दांत मांडली: सत्यता, फरक ओळखण्याची ताकद आणि व्यवहार्यता.

सत्यता म्हणजे जे मोजतो म्हणतो तेच मोजतो का. फरक ओळखण्याची ताकद म्हणजे न बदललेल्या रुग्णात आकडा स्थिर राहतो का, बदललेल्यात हलतो का, आणि चाचणीत औषधाचा गट दुसऱ्या गटापासून वेगळा दिसतो का. व्यवहार्यता म्हणजे वेळ, पैसा, माणसं, यंत्र यांत ते बसतं का. पुढे या चाळणीच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. आता प्रत्येक प्रश्नापुढे पुराव्याला सिग्नलसारखा रंग देतात: हिरवा, पिवळा, तांबडा. तुम्हीही एका ए-फोर कागदावर असा तक्ता काढा. तांबडा जिथे येईल तिथे साधन बदला. पिवळा येईल तिथे तो हिरवा करण्याचं काम तुमच्याच थिसिसमध्ये घाला. मला विचाराल तर ते काम पन्नास रुग्णांवरच्या आणखी एका औषध-अभ्यासापेक्षा जास्त मोलाचं आहे.

तिसरी पायरी: चालू असलेला स्कोअर घ्या, स्वतःचा बनवू नका

"सौम्य, मध्यम, तीव्र" असा घरगुती स्कोअर घालू नका. तयार स्कोअर आहेत, त्यांच्या चुका लोकांनी तपासून ठेवल्या आहेत.

हातापायांच्या एक्स-रेसाठी शार्प यांची पद्धत १९७१ ची. तिच्यात फान डर हायडे यांनी १९८९ मध्ये केलेला बदल आज औषधांच्या चाचण्यांत सर्वांत जास्त चालतो. प्रत्येक हातात १६ जागी खड्डे आणि १५ जागी फट बघायची, प्रत्येक पायात ६ जागी दोन्ही. खड्ड्यांना हातात ० ते ५ गुण, पायात ० ते १०, कारण पायात सांध्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजतात. फटीला ० ते ४. सगळं मिळून जास्तीत जास्त ४४८. पाय सोडू नका. आरएमध्ये पायाच्या बोटांच्या बुडाशी खड्डे पुष्कळदा हाताच्या आधी दिसतात, आणि आपल्याकडच्या थिसिसमध्ये पायाची फिल्म नेमकी काटकसरीत जाते.

सोनोग्राफीसाठी युलार (युरोपातली संधिवात संघटना) आणि ओमरॅक्ट यांनी मिळून २०१७ मध्ये ० ते ३ अशी प्रतवारी प्रसिद्ध केली. डॉप्लरमध्ये १ म्हणजे तीनपर्यंत सुटे ठिपके, किंवा एक सलग आणि दोन सुटे, किंवा दोन सलग. २ म्हणजे त्याहून जास्त, पण सुजलेल्या अस्तराच्या निम्म्याहून कमी. ३ म्हणजे निम्म्याहून जास्त. हे पाठ करा. एमआरआयसाठी रामरिस ही गुण देण्याची पद्धत आहे. मणक्याच्या सांधेजोड आजारात, म्हणजे अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमध्ये, एक्स-रेचा स्कोअर मणक्यांच्या २४ कोपऱ्यांवर चालतो, प्रत्येकी ० ते ३, एकूण ७२. तो इतका सावकाश हलतो की दोन वर्षांच्या आत त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नये. तीन वर्षांच्या एमडीत सिनॉप्सिस, परवानगी आणि लिखाण धरून तो बसत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

चौथी पायरी: फिल्म काढण्याची पद्धत लिहून काढा, अगदी बांगडीसकट

संशोधनाची चूक रीडरच्या, म्हणजे फिल्म वाचून गुण देणाऱ्याच्या, खोलीत होते असं सगळ्यांना वाटतं. माझ्या अनुभवात अर्धी चूक एक्स-रेच्या टेबलावरच झालेली असते.

हुपरीच्या एक मावशी आठवतात. चांदीकामात उभा जन्म गेलेला, दोन्ही मनगटं सुजलेली. तंत्रज्ञाने सांगितलं, "मावशी, बांगड्या काढा." मावशींनी हात मागे घेतला. "ह्या हिरव्या बांगड्या न्हाई काढत मी, मालक हाईत माझं." त्याने वाद घातला नाही, तसाच एक्स-रे काढला. फिल्मवर काचेच्या चार कडा उलनाच्या (करंगळीच्या बाजूच्या हाडाच्या) मनगटाकडच्या टोकावर अशा बसल्या होत्या, की आरएमध्ये खड्डा जिथे लवकर पडतो तीच जागा झाकली गेली. सहा महिन्यांनी दुसऱ्या तंत्रज्ञाने बांगड्या कोपराकडे सरकवून फिल्म काढली. त्या फिल्मवर खड्डा दिसला. तो नवा की जुना, हे आजही कोणी सांगू शकणार नाही. काढायला लावायची गरजच नव्हती. "मावशी, वर सरकवा, कोपराकडं," एवढंच म्हणायचं होतं.

जोडव्यांचं दुखणं आणखी बारीक आहे. एका फिल्मवर जोडवी आहेत, दुसऱ्या फिल्मवर नाहीत, किंवा दोन्हीवर त्याच नक्षीची आहेत. रीडरला रुग्ण किंवा फिल्मचा क्रम कळू नये असं तुम्ही ठरवलेलं असतं, पण ती जोडवी ते उघड करतात. एमआरआयच्या खोलीत तर जोडवी, मंगळसूत्र, करगोट्याची चावी यांतलं काहीच जात नाही. ते बाहेर कोणाकडे द्यायचं हेही लिहून ठेवा, नाहीतर रुग्ण घाबरून परत जातात.

एक्स-रेसाठी तळवे सपाट, बोटं थोडी फाकलेली, किरण मधल्या बोटाच्या बुडाच्या सांध्यावर, नळी आणि कॅसेटमधलं अंतर दर वेळी तेच. बोट सरळ होत नसेल तर तसं नोंदवा. वाकलेल्या बोटाची फट फिल्मवर आपोआप अरुंद दिसते आणि रीडर तिला दोन गुण देऊन मोकळा होतो.

सोनोग्राफीचा प्रकार जास्त नाजूक. प्रोब जोराने दाबला की बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि डॉप्लर गायब होतो. जेलचा जाड थर ठेवा, हात टेबलावर सैल पडू द्या. त्याच यंत्रावर, त्याच सेटिंगवर, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी तपासा, कारण जुनं आणि नवं यंत्र एकाच सांध्याला वेगळे डॉप्लर गुण देतात. डिसेंबरात गगनबावड्याहून सकाळी सहाच्या एसटीने, गार हातांनी आलेल्या माणसाला लगेच तपासू नका. वीस मिनिटं बसवा, चहा द्या. वेदनाशामक गोळी कधी घेतली तेही विचारा. तिने डॉप्लर कमी दिसू शकतो, आणि आपल्याकडे ती गोळी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेली असते.

प्रतिमा मूळ डायकॉम स्वरूपात, म्हणजे यंत्रातून निघणाऱ्या फाइलच्या रूपात, ठेवा, सीडी किंवा पेनड्राइव्हवर. वॉट्सॅपवर आलेल्या फिल्मच्या फोटोवर कोणी स्कोअर करत असेल, तर त्याला हात जोडून थांबवा. दाबलेल्या फोटोत छोट्या खड्ड्याची कडाच उरत नाही.

पाचवी पायरी: डोळे जुळवा, आणि फिल्मा एकाच वेळी वाचा

इथे माझी स्वतःची एक चूक सांगते, कारण ती मला फार महागात पडली.

मी नवीन असताना एका रुग्णालयाच्या अभ्यासात एक्स-रे वाचायचं काम माझ्याकडे आलं. तीसेक रुग्ण, सुरुवातीची फिल्म आणि वर्षानंतरची फिल्म. सुरुवातीच्या फिल्मा जशा आल्या तशा मी वाचत गेले. वर्षभरात शेकडो हात बघून झाले आणि डोळा तयार झाला. पहिल्यांदा ज्या सावलीकडे मी दुर्लक्ष केलं होतं, ती आता खड्डा म्हणून दिसायला लागली. वर्षाच्या फिल्मा वाचल्या तर जवळजवळ प्रत्येकाचा स्कोअर वाढलेला. आम्ही सगळे गंभीर चेहऱ्याने औषध कमी पडलं असं लिहायला बसलो. सुदैवाने एका ज्येष्ठांनी दोन्ही फिल्मा शेजारी लावून पुन्हा वाचायला सांगितलं. निम्म्याहून जास्त वाढ नाहीशी झाली. रुग्णांचे हात जवळपास तसेच होते. बदलले होते माझे डोळे.

म्हणून नियम असा: फिल्मा गोळा होऊ द्या. शेवटी, एका रुग्णाच्या सगळ्या फिल्मा एका बैठकीत वाचा. दोन रीडर, वेगवेगळ्या खोलीत, रुग्णाचं नाव, गट आणि औषध न कळता. नाव आणि तारीख फिल्मच्या कोपऱ्यात छापलेली असते, ती झाका. डायकॉम फाइलच्या आतही ती असते, ती पुसायला कोणाला तरी बसवा.

क्रम सांगायचा की नाही यावर मतं दोन आहेत. क्रम माहीत असेल तर बारीक बदल जास्त पकडले जातात, पण नुकसान वाढणारच या समजुतीने रीडर थोडं पुढे ढकलून वाचतो. क्रम लपवला तर ही समजूत निघून जाते, मोजमाप मात्र जरा बोथट होतं. दोन गटांची तुलना असेल आणि क्रम दोन्ही गटांत सारखाच माहीत असेल, तर मला क्रम सांगितलेला चालतो. फक्त ते आधी ठरवा आणि लिहा.

डोळे जुळवायला एक दिवस द्या. वीस फिल्मा घ्या, ज्या अभ्यासात येणार नाहीत. दोघांनी स्वतंत्र वाचा, मग एकत्र बसून फक्त जिथे फरक पडला ते सांधे बघा. मनगट सगळ्यात जास्त भांडायला लावतं, कारण तिथे हाडं एकमेकांवर पडतात. ठरलेले निर्णय वहीत लिहा: "रक्तवाहिनी शिरायचं भोक खड्डा धरायचं नाही." दोन आठवड्यांनी त्याच वीस फिल्मा क्रम उलटसुलट करून प्रत्येकाने पुन्हा वाचायच्या. पहिला आकडा आठवत नाही इतका वेळ मध्ये जायला हवा.

सहावी पायरी: जुळलं की नाही, ते खरं मोजा

"आमचं नव्वद टक्के जुळलं" हे वाक्य खोडून टाका. समजा शंभर सांध्यांपैकी नव्वदमध्ये दोघांनीही डॉप्लर नाही म्हटलं, दोनमध्ये दोघांनी आहे म्हटलं, आणि आठमध्ये भांडण झालं: चारमध्ये तुम्ही हो, चारमध्ये मी हो. जुळणी ९२ टक्के. पण दोघांनी डोळे मिटून "नाही, नाही" म्हटलं असतं तरी बरंचसं जुळलं असतं. योगायोगाने जुळणारा तो भाग वजा केला की कप्पा येतो सुमारे ०.२९, म्हणजे कमकुवत. जिथे रोग होता तिथेच आपण भांडलो, आणि ९२ च्या आकड्याने ते झाकलं. ० ते ३ अशा प्रतवारीला भारित कप्पा (मोठ्या मतभेदाला जास्त वजन देणारा) वापरा, एकूण स्कोअरला आयसीसी (रीडरच्या आकड्यांची जुळणी मोजणारा गुणांक). आयसीसीचा एक खोडसाळपणा लक्षात ठेवा: रुग्णांत खूप विविधता असेल तर तो आपोआप फुगतो. एकीकडे कालच आजार सुरू झालेली मुलगी, दुसरीकडे वीस वर्षं वाकडे झालेले हात, अशा गर्दीत कोणीही चांगला दिसतो.

त्यापेक्षा उपयोगी आकडा आहे ओळखता येणारा सर्वांत लहान बदल. नवख्यांनी एवढा एक शिकला तरी माझं काम झालं. प्रत्येक रुग्णात वर्षभराचा बदल दोन रीडरनी काढायचा. दोघांच्या बदलांतला फरक घ्यायचा. त्या फरकांचं प्रमाण विचलन काढायचं, १.९६ ने गुणायचं, दोनच्या वर्गमुळाने भागायचं, आणि दोघांची सरासरी वापरणार असाल तर आणखी एकदा दोनच्या वर्गमुळाने. समजा प्रमाण विचलन ४ आलं. दोघांची सरासरी घेतली तर उत्तर ३.९, एकाच रीडरवर काम भागवलं तर ५.५. याचा अर्थ सरळ आहे. एखाद्या रुग्णाचा स्कोअर ३ ने वाढला तर तो वाढला असं म्हणायची तुमची ताकद नाही. दुसरा रीडर का हवा, या प्रश्नाचं उत्तर ३.९ आणि ५.५ यांमधल्या फरकात आहे. मार्गदर्शक सरांना हाच हिशेब दाखवा.

दोन रीडरच्या फरकाचा ब्लँड आणि आल्टमन पद्धतीचा आलेखही काढा. एक रीडर कायम दोन गुण जास्त देतो का, मोठ्या स्कोअरला फरक वाढतो का, हे तिथे एका नजरेत दिसतं.

सातवी पायरी: मोजमापाला खऱ्या आजारासमोर उभं करा

आकडा स्थिर येतो म्हणून तो खरा होत नाही. भिंतीवरचं बंद घड्याळ दर वेळी तीच वेळ दाखवतं. सोनोग्राफीचा स्कोअर सुजलेल्या सांध्यांच्या संख्येशी, सीआरपीशी (रक्तातली जळजळीची खूण), सकाळच्या आखडण्याशी कितपत चालतो ते बघा, पण आधी लिहून ठेवा की किती संबंध अपेक्षित आहे. अगदी पूर्ण जुळला तर सोनोग्राफी लागलीच कशाला? अजिबात जुळला नाही तर तुम्ही दुसरंच काही मोजताय. थोडा संबंध हवा, आणि का थोडा, ते सांगता यायला हवं.

निरोगी माणसं तपासायला विसरू नका. धडधाकट माणसांतही पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी थोडं पाणी, मनगटात एक गुणाची सूज, एमआरआयवर एखादा खड्डा सापडतो. आपल्या जिल्ह्यात तर हात कामाला जुंपलेले असतात: ऊसतोड, यंत्रमाग, चप्पल शिवणं. खेळाडूंमध्ये आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांमध्ये कमरेच्या मागच्या सांध्यापाशी एमआरआयवर हाडाची सूज दिसते, हे परदेशांतल्या अभ्यासांत दाखवलेलं आहे. तालमीत रोज जोर-बैठका मारणाऱ्या पैलवानाचा एमआरआय काढला, तर त्याला स्पाँडिलायटिस ठरवायची घाई कोणी करेल ही भीती मला खरीच वाटते. तुमच्या रुग्णांच्या वयाची, त्याच कामातली, सांधे न दुखणारी काही माणसं शेजारी ठेवा.

आणखी एक गोष्ट. जास्त दिसतं म्हणून ते जास्त कामाचं, असं धरून चालू नका. स्कॉटलंडमधला टेसर आणि नॉर्वेतला आर्कटिक, हे दोन अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हींत एका गटाचे उपचार नेहमीच्या तपासणीवर ठरवले, दुसऱ्या गटाचे सोनोग्राफी बघून. सोनोग्राफीच्या गटाला औषध जास्त गेलं, मुख्य निकालात मात्र म्हणावा तसा फायदा दिसला नाही. सोनोग्राफी त्यामुळे निकामी ठरत नाही. पण प्रतिमेतला गुण कमी करणं आणि रुग्णाला बरं वाटणं यांमधला पूल बांधून दाखवावा लागतो, हे त्यातून मला कळलं. म्हणून प्रतिमेच्या जोडीला रुग्णाला काय जमतं ते नक्की विचारा: बरणीचं झाकण उघडतं का, भाकरी थापता येते का.

आठवी पायरी: कोल्हापुरात हे पेलेल का

सोनोग्राफीचं यंत्र सांध्यासाठी वापरायचं असलं तरी ते १९९४ च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखाली नोंदलेलं असावं लागतं. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. सोनोग्राफी यंत्रांना सायलेंट ऑब्झर्व्हर (प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारं उपकरण) बसवण्याचा प्रयोग त्यानंतर याच जिल्ह्यात झाला. इथली यंत्रणा या बाबतीत जागी आहे आणि ती जागीच असावी. तेव्हा यंत्र गाडीत घालून चंदगडला शिबिर घेऊ, हा विचार सोडा. यंत्र कुठे, कोण वापरणार, नोंदणीत कोणाचं नाव, हे सिनॉप्सिसच्या आधी विचारून घ्या.

तारखा गळीत हंगाम बघून ठरवा. कारखाने सुरू झाले की ऊस-पट्ट्यातला रुग्ण तपासणीला येत नाही, त्याची मजुरी बुडते. पावसाळाही धरा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीपाशी महामार्ग बंद होता, त्या आठवड्यातल्या सगळ्या भेटी आमच्या हातून गेल्या. हुकलेल्या फिल्मचं काय करायचं हे आधी लिहा. मागचाच आकडा पुढे ओढू नका. नुकसान वाढत जाणारा आजार त्याने थांबलेला दिसतो. कोणी अभ्यास सोडत असेल तर सोडतानाच एक फिल्म काढून घ्या.

एमआरआयवर संशोधनासाठी वेळ मिळणं कठीण, कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध, ज्याने जळजळ उठून दिसते) द्यायचा तर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्तचाचणी, बघावं लागतं. पहिल्या थिसिससाठी मी एक्स-रे किंवा सोनोग्राफीच सुचवते.

नववी पायरी: परवानगी आणि संमती

एथिक्स कमिटीत किरणांचा प्रश्न येतो. हाताच्या एक्स-रेचा डोस सुमारे ०.००१ मिलिसीव्हर्ट, निसर्गातून माणसाला वर्षाला जगभरात सरासरी दोन-तीन मिलिसीव्हर्ट मिळतात. हे सांगा. औषधाची चाचणी असेल तर सीटीआरआय या देशाच्या चाचणी-नोंदवहीत पहिला रुग्ण घेण्याआधी नोंद करा, एप्रिल २०१८ पासून नंतरची नोंद तिथे चालत नाही. संमतीपत्र मराठीत आणि निपाणीकडून येणाऱ्यांसाठी कन्नडमध्येही ठेवा.

कमिटीने विचारलं नाही तरी एक ओळ घालाच. फिल्मा शेवटी एकत्र वाचायच्या म्हटलं की काही फिल्मा वर्षभर न वाचलेल्या राहतात. त्यात एखादी गाठ, एखादा क्षय झालेला सांधा निघाला तर? म्हणून प्रत्येक फिल्म त्याच दिवशी नेहमीच्या पद्धतीने कोणीतरी बघून रिपोर्ट द्यायचा. स्कोअर करणारे रीडर वेगळे.

लिहिताना

रीडर किती, त्यांचा अनुभव किती, क्रम माहीत होता का, यंत्र कोणतं, कप्पा, आयसीसी आणि ओळखता येणारा सर्वांत लहान बदल तुमच्या स्वतःच्या रीडरचा द्या, दुसऱ्याच्या पेपरमधला नको. एक्स-रेच्या बदलाची नुसती सरासरी देऊ नका. आजच्या औषधांवर बहुतेक रुग्णांत बदल शून्य असतो आणि दोन-तीन जणांत मोठा; सरासरी त्या दोघा-तिघांच्या जोरावर उभी राहते. प्रत्येक रुग्णाचा बदल चढत्या क्रमाने एका आलेखावर मांडा, त्यावर लहान बदलाची रेघ ओढा, आणि रेघेच्या वर किती जण गेले ते मोजून लिहा.

शेवटी फिल्मा परत करा. आपल्याकडची माणसं जुन्या फिल्मा प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटामागे वर्षानुवर्षं जपतात आणि अभ्यासासाठी विश्वासाने आणून देतात. प्रत डायकॉममध्ये उतरवून घ्या, मूळ फिल्म त्याच पिशवीत घाला, वर तारीख टाका, आणि मार्करने मोठ्या अक्षरात लिहा: "पुढच्या वेळी येताना ही घेऊन या."